सर, तो कोरडा होता

गजभिये सरांची स्कूटर आमच्या संस्थेच्या पार्किंगमध्ये शंभर गाड्यांत ओळखू यायची. सीटवर जुन्या चादरीचं कव्हर असायचं आणि त्याचे चारही कोपरे हॉटेलातल्या पलंगासारखे तिरपे दुमडून खाली खोचलेले असायचे. नागपुरातल्या नंदनवनहून निघून मिहानजवळच्या आमच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेपर्यंत वाटेतले सगळे खड्डे पार करून ती चादर यायची, आणि तिच्यावर एक सुरकुती नसायची. उतरल्यावर सर आधी कव्हरावरून तळहात फिरवत आणि मग डोक्यावरचं हेल्मेट काढत.

सर हाउसकीपिंग शिकवायचे. मी फ्रंट ऑफिस शिकवते. म्हणजे पाहुण्याकडे बघून हसायचं कसं ते मी सांगते, आणि त्याच्या पाठीमागे त्याची खोली कशी लावायची ते सर सांगायचे. वीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती, त्यामुळे माझ्या टेबलावरचा पसारा हा त्यांच्या जिवाला लागलेला घोर होता.

घडी घातल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. कॅन्टीनमधला पोह्याखालचा कागद, बसचं तिकीट, मी खुर्चीवर टाकलेली शाल, जे सापडेल त्याची चौकोनी घडी व्हायची. लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला बसण्याआधी ते ओळीतल्या आठ-दहा खुर्च्यांची कव्हरं ओढून सरळ करत, आणि त्यांची बायको दुसरीकडे बघत उभी राहायची. खिशात कायम एक पांढरा रुमाल. तो मात्र मी कधी उलगडलेला पाहिला नव्हता. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा सर घाम मनगटाने पुसायचे.

एकदा मी न राहवून विचारलं, "सर, मंग रुमाल ठेवता कशाले?"

"स्वच्छ आहे ना मॅडम तो," सर म्हणाले. "त्याले काहून खराब करू?"

त्यांचे वडील कापड गिरणीत कामाला होते. छप्पन साली ते स्वतः लहान असताना आपल्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेले होते. त्या घरात कपडा फाटका चालायचा, मळका चालायचा नाही. "बाबा म्हणत, कोणाले बोट दाखवाले जागा ठेवू नका," असं सर मला एकदाच म्हणाले होते, तेही दुसऱ्याच कशावरून तरी विषय निघाला म्हणून. पण त्यांच्या पांढऱ्या चादरींचा हट्ट कुठून आला, हे मला त्या दिवशी कळलं.

माझी आई शेवटच्या आजारात दवाखान्यात होती, तेव्हा सर भेटायला आले. फळांची पिशवी ठेवली, दोन मिनिटं पलंगाकडे पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या. नर्सला म्हणाले, "ताई, त्या बाजूनं धरता का जरा?" आईला अलगद एका कुशीवर वळवून, तिला खाली न उतरवता, त्यांनी तिच्या अंगाखालची चादर काढून दुसरी घातली, ताणली, खोचली. एकही वळी राहू दिली नाही. आई म्हणाली, "किती दिवसांनी पाठ टेकली वं बाई." सर बाह्या खाली करून निघून गेले. त्या दिवसानंतर सर कितीही खडूसपणे वागले तरी मी त्यांना मनातून माफ करून टाकायची. एकदा मात्र ते जमलं नाही.

वनिता नावाची मुलगी होती. पारशिवनीकडच्या एका खेड्यातून आलेली, बोलायला कमी, कामाला वाघ. हाउसकीपिंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेत प्रत्येकाला एक खोली लावायला मिळते. पाहुणा मुक्कामाला आहे, सध्या बाहेर गेलाय, असं धरून चालायचं. सरांचा पहिला नियम साऱ्या संस्थेला पाठ होता : पाहुण्यानं वापरलेली वस्तू दुसऱ्या दिवशी त्याच्या नजरेला पडली, की तुमचं काम फुकट. वनितानं पलंग असा लावला की बाहेरून आलेले परीक्षक बघत राहिले. मग सर बाथरूममध्ये गेले. दांडीवर वापरलेला टॉवेल तसाच होता.

"हा काहून नाही बदलला?"

"सर, तो कोरडा होता," वनिता म्हणाली. "साफ पण होता."

सरांचा चेहरा लाल झाला. परीक्षक बघत होते. "हे हॉटेल आहे वनिता," ते म्हणाले, "तुझं घर नाही."

त्या भागात तिला शून्य मिळालं आणि ती नापास झाली. मी हजेरीचा कागद हातात घेऊन दारातच उभी होते. मुलीचे डोळे मी पाहिले आणि गप्प बसले. पुरवणी परीक्षेला वनिता आलीच नाही. नंतर कोणीतरी म्हणालं, गावाजवळच्या जंगलातल्या एका रिसॉर्टमध्ये कपडे धुण्याच्या कामाला लागली. डिप्लोमा नाही म्हटल्यावर दुसरं काय मिळणार?

तीन वर्षं अशीच गेली. मग आमच्या अभ्यासक्रमात शाश्वत पर्यटन नावाचा नवा विषय आला. पर्यटक यावेत, गावाला काम मिळावं, पण तिथलं पाणी, जंगल आणि माणसं संपून जाऊ नयेत, असा त्याचा साधा अर्थ. स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त खिल्ली सरांनी उडवली. "शिकवाचं काय त्यात? झाड लावा, फोटो काढा!" प्राचार्य हुशार बाई. त्यांनी तो विषय सरांच्याच गळ्यात घातला. ग्रीसमधल्या एका बेटावरच्या छोट्या हॉटेलशी संस्थेचा करार होत होता. विद्यार्थ्यांना इंटर्नशिपला पाठवण्याआधी दोन शिक्षकांनी महिनाभर स्वतः तिथे इंटर्न म्हणून राबून यायचं ठरलं. एक सर आणि दुसरी मी.

बावन्नाव्या वर्षी सरांच्या छातीवर 'ट्रेनी' असा बिल्ला लागला. सुपरवायझर होती एलेनी, चोवीस वर्षांची, केस वर बांधलेली, झपाझप चालणारी. सरांनी तिला नागपूरहून नेलेली संत्रा बर्फी दिली. तिनं एक वडी तोंडात टाकली, छान म्हणाली आणि सरांच्या हातात खोल्यांची यादी ठेवली.

पहिल्याच सकाळी सरांनी अकरा खोल्या लावल्या. काय लावल्या! एलेनी पलंगांवरून हात फिरवत गेली, खूश होती. मग ती बाथरूममध्ये शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. सरांनी अकराच्या अकरा खोल्यांतले सगळे टॉवेल काढून धुवायला टाकले होते आणि नवे लावले होते. तेवढ्यात एक म्हातारे पाहुणे समुद्रावरून परतले आणि रिसेप्शनवर माझ्यासमोर उभे राहिले. माझा टॉवेल कोणी नेला, म्हणाले. मी तर तो नीट टांगून गेलो होतो!

मी आयुष्यभर पाहुण्यांच्या तक्रारी ऐकल्या आहेत. स्वच्छ टॉवेल मिळाला म्हणून रागावलेला माणूस पहिल्यांदाच बघत होते.

एलेनी सरांना गच्चीवर घेऊन गेली, मीही मागोमाग गेले. तिथे पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर रंगानं रेघा मारल्या होत्या. एक रेघ जहाज येईपर्यंत पुरणाऱ्या पाण्याची, दुसरी जहाज उशिरा आलं तर राखून ठेवायच्या पाण्याची. त्या बेटावर उन्हाळ्यात पाणी जहाजानं येतं. हॉटेलनं जास्त घेतलं, तर खालच्या वस्तीतल्या नळाची धार बारीक होते. एलेनीची आजी त्याच वस्तीत राहायची. म्हणून तिथे दर खोलीत साधी रीत होती. टॉवेल टांगला तर पाहुण्याला तो आणखी वापरायचाय, खाली टाकला तर बदलून हवाय. खोली लावणाऱ्यानं आधी ते बघायचं आणि मगच हात लावायचा.

"यू डिडन्ट लुक," एलेनी म्हणाली. बस, एवढंच. आणि अकरा खोल्यांचे टॉवेल सरांनी एकट्यानं धुवायचे, असं फर्मान काढून निघून गेली.

सरांनी ते धुतले. दुपारी गच्चीवर दोरीवर वाळत घातले, चारही कोपरे जुळवून. मी चहा घेऊन गेले तर ते दोरीखाली उकिडवे बसले होते.

"मॅडम, वनिता आठवते तुम्हाले?"

"आठवते ना."

"ते पोरगी पाहून राहिली होती हो. टॉवेलले हात लावून पाहिला होता तिनं. मी परीक्षक, मी नाही पाहिलं." मग चहाचा कप हातात घेत म्हणाले, "मी तिले घराचं बोललो. बाहेरचे परीक्षक होते ना समोर. मले वाटलं, आपल्या पोरीकडं कोणी बोट दाखवू नये. आणि मीच दाखवलं."

मी म्हटलं, मीही दारात उभी होते, सर. त्यांनी चहा संपवला.

उरलेला महिना सर शाळकरी पोरासारखे शिकले. एलेनीच्या मागे वही घेऊन फिरायचे. कुठल्या खोलीत किती पाणी लागलं, उरलेल्या साबणाचं काय होतं, स्वयंपाकघरातली भाजी वस्तीतल्या कोणत्या घरून येते, सगळं विचारायचे. आयुष्यभर 'असंच करायचं' म्हणणारा माणूस दर वाक्याला 'काहून?' म्हणायला लागला. एलेनीलाही तो शब्द पाठ झाला. निघायच्या दिवशी तीच सरांना म्हणाली, "काहून गोइंग?"

नागपुरात उतरल्यावर घरी बॅग टाकून सर दुसऱ्या दिवशी थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. तीन वर्षांपूर्वीच्या परीक्षेत सदर विद्यार्थिनीचं काम बरोबर होतं, परीक्षकाची समज अपुरी होती, परीक्षक मीच होतो, असा अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता. प्राचार्यबाई अर्ज वाचून हैराण.

"सर, हे लेखी कशाले? तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"मॅडम, चूक मी तोंडी नव्हती केली, मार्कशीटवर केली होती."

पण जुना निकाल बदलता येत नाही, हा नियम. आणि दुसरा नियम त्याहून वाईट : राहिलेला विषय ठरलेल्या मुदतीत सुटला नाही, तर सगळा डिप्लोमा पुन्हा पहिल्यापासून. वनिताची ती मुदत येत्या परीक्षेला संपत होती. फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. गुण देण्याच्या तक्त्यात टॉवेलचा निकष बदलायला प्राचार्यांनी होकार दिला, तो पुढच्या सगळ्यांसाठी. पण वनिता परीक्षेलाच बसली नाही, तर तिच्यासाठी त्याचा काहीच उपयोग नव्हता.

आम्ही माझ्या गाडीनं गेलो. सरांनी वाटेत चारदा सीट बेल्ट सरळ केला. गावात विचारत विचारत घरी पोचलो तेव्हा वनिता कामावरून नुकतीच आली होती. धुण्याच्या सोड्यानं तिचे हात पांढरे पडले होते. तिच्या आईनं खाट टाकली, "या ना सर, बसा," म्हणत वर धुतलेली चादर अंथरली. तिचा एक कोपरा खाली लोंबत होता. सरांचा हात तिकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. त्या माणसाला मी असं करताना प्रथमच पाहिलं.

"कसं चालू आहे काम?" सरांनी विचारलं.

"बरं आहे." वनिता उभीच होती. "रोज टॉवेल येतात ढिगानं. अर्धे तर कोरडेच राहतात. मी धुते. तुम्ही म्हटलं होतं ना सर, हे तुझं घर नाही. मंग मी काहून बोलू? रिसॉर्टची बोअर खोल आहे. आमच्या गावची हापशी मार्च लागला का नुसती हवा फेकते."

तिची आई आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. सरांनी खिशातून फॉर्म काढला. चौकोनी घडी, कोपऱ्याला कोपरा. तो हातातच धरून म्हणाले, "वनिता, मी चुकलो. त्या दिवशी तू बरोबर होती. मी लेखी दिलं आहे तसं. पण निकाल बदलत नाही म्हणतात. तुले पुन्हा बसा लागेल."

वनितानं फॉर्म घेतला नाही. "मी पुन्हा तसंच करीन तर?"

"तसंच कर. फक्त काहून केलं ते सांग. मी नसीन परीक्षक. मी स्वतःच नाही म्हटलं आहे."

मी माझ्या पायांकडे बघत बसले. अखेर तिची आईच कप पुढे करत म्हणाली, "चहा थंडा होऊन राहिला सर, घ्या ना." सरांनी फॉर्म खाटेवर ठेवला आणि कप घेतला. वनिता ते बघत होती. मग तिनं खाटेवर ठेवलेला फॉर्म उचलला, उलगडला आणि विचारलं, "कधीपर्यंत द्याचा आहे?"

"परवापर्यंत. पेन्सिलनं भरून ठेवलं आहे सगळं. तू पेन फिरव फक्त."

तेव्हा ती थोडीशी हसली. म्हणाली, "सर, माह्या नावाची वेलांटी चुकवली तुम्ही."

परीक्षेच्या दिवशी सर बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उभे होते. आत परगावचे परीक्षक होते, आणि मी, हजेरीचा कागद घेऊन त्याच दारात. खोलीत आता टॉवेलच्या रीतीचं एक छोटं कार्ड ठेवलेलं होतं, आणि बाथरूममध्ये एक टॉवेल दांडीवर होता, एक फरशीवर. वनितानं पलंग लावला, धूळ पुसली, मग आत गेली. फरशीवरचा टॉवेल उचलून बदलला. दांडीवरच्याला हात लावला, दोन्ही बाजूंनी लावला, आणि सरळ करून तसाच ठेवला.

"हा का नाही बदलला?" परीक्षकांनी विचारलं.

"कोरडा आहे, सर. पाहुण्यानं टांगून ठेवलाय. बदलून हवा असता तर त्यानं खाली टाकला असता. तसं कार्ड ठेवलंय आपण खोलीत."

"आणि त्यानं कार्ड वाचलंच नसेल तर?"

"मग मी त्याला विचारीन," वनिता म्हणाली. "आणि त्याला नवा हवा असेल तर नवा देईन. पण न विचारता पाणी सांडणार नाही. ते माझ्या गावचं असतं."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. मी हळूच बाहेर डोकावले. दार उघडंच होतं, सगळं बाहेर ऐकू गेलं होतं. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचा पांढरा रुमाल पूर्ण उलगडलेला होता आणि ओला झाला होता.

वनिता पास झाली. त्याच रिसॉर्टनं तिला आधी खोल्यांच्या विभागात घेतलं, आता ती तिथे हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. दांडीवरचा टॉवेल आधी बघायचा, ही रीत तिनं तिथे लावून घेतली. सुरुवातीला मालकांनी कुरकुर केली, पण पाहुण्यांपैकी कोणी रागावलं नाही. गेल्या उन्हाळ्यात गावची हापशी एप्रिलभर चालली, असं तिची आई मला फोनवर सांगत होती. ते टॉवेलमुळे की पाऊस बरा झाल्यामुळे, मला माहीत नाही. तिच्या आईला मात्र अजिबात शंका नाही.

सर मागच्या वर्षी निवृत्त झाले. हिवाळ्यात वनितानं आम्हा दोघांना एक दिवस रिसॉर्टवर बोलावलं. चाळीस वर्षं खोल्या लावणारा, लावायला शिकवणारा हा माणूस हॉटेलात पाहुणा म्हणून पहिल्यांदाच राहत होता. सकाळी मी त्यांना नाश्त्याला हाक मारायला गेले तर खोलीचं दार उघडं. न राहवून त्यांनी पलंग स्वतःच लावून ठेवला होता आणि ते हात मागे बांधून भिंतीशी उभे होते. वनिता आत आली. तिनं पलंगाभोवती चक्कर मारली आणि एक कोपरा ओढून काढला.

"हा ढिला आहे, सर."

"असू शकते," सर म्हणाले. आवाज परीक्षेला बसलेल्या पोराचा.

तिनं तो कोपरा पुन्हा खोचला. मग ती बाथरूमकडे वळली. सर मान लांब करून बघत होते. दांडीवर टॉवेल होता, कोपऱ्याला कोपरा जुळवून टांगलेला. वनितानं त्याला एका बाजूनं हात लावला, मग दुसऱ्या बाजूनं, आणि तो तसाच राहू दिला.